बापाची वाक्यं

शेवंती बाजारात आली की मला दोन-चार दिवस काही लिहिता येत नाही. दिवाळी उलटून गेलेली असते, अमरावतीत सकाळी शाल घ्यावी एवढी थंडी पडायला लागते, आणि गांधी चौकातल्या फुलवाल्यांच्या टोपल्यांत झेंडूच्या जागी पिवळी-पांढरी शेवंती येऊन बसते. तिचा वास तसा गोड नसतो. थोडा औषधासारखा, कडवट, ओल्या मातीत मिसळलेला. भाजी घ्यायला निघालेली मी त्या टोपल्यांपाशी थबकते. मूठभर फुलं घेते, घरी आणते आणि देवापुढे न ठेवता टेबलावर तशीच ठेवून देते.

याच दिवसांत आमच्याकडे नाटकांच्या स्पर्धा सुरू होतात. मी इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवलं, आणि शिकवता शिकवता हौशी मंडळींसाठी नाटकं लिहिली. फार मोठी नाहीत. दोन पात्रांची, तीन पात्रांची, एका खोलीत घडणारी. त्यांत घडायचं एकच, भांडण.

भांडण कसं लिहावं हे मला कुणी शिकवलं असेल तर वडिलांच्या ओसरीनं. वडील वकील होते. सकाळी पक्षकार येऊन ओसरीवर बसत आणि मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून त्यांचं ऐकत असे. एकदा दोन सख्खे भाऊ दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून भांडत होते. बाभूळ कुणाची, तिची सावली कुणाच्या वावरात पडते, काटे कुणाच्या. वडिलांनी दोघांनाही बोलू दिलं. बऱ्याच वेळानं धाकटा एकदम खाली पाहत म्हणाला, "मायच्या तेरवीले यानं मले दुसऱ्या पंगतीत बसवलं, वकीलसायेब." वडिलांनी चष्मा काढून पुसला. बाभळीचा निकाल पुढं काय लागला ते मला आठवत नाही. पण माणसं ज्या गोष्टीवरून भांडतात ती गोष्ट सहसा वेगळीच असते, आणि ती तोंडातून निघायला फार वेळ लागतो, एवढं त्या सकाळी समजलं. पुढं मी जे काही लिहिलं ते सगळं त्या धाकट्या भावाच्या वाक्यापर्यंत पोचण्याच्या खटपटीतलं.

काही वर्षांपूर्वी एका नाटकाच्या वेळी मात्र असं वाक्य माझ्या लिहिण्याच्या आधीच येऊन उभं राहिलं. त्याचं उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मला जमलं नाही.

प्रल्हादभाऊ अकोल्याचे. मोर्णा नदीच्या काठाला त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडे गुलाब, कडेला वांगी आणि पालक. पहाटे फुलबाजारात ते स्वतः माल घेऊन उभे राहत, आणि त्यांचा आवाज त्याच बाजारात घडलेला होता. माईक नसला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हे आपल्याशीच बोलताहेत. नाटकाचं वेड असं, की शनिवारी दुपारी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं अमरावतीला यायचे, तालीम करायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. त्यांची मुलगी पल्लवी अमरावतीतच खोली करून राहत होती. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात तयार कापडाची तपासणी करायची. दिवसभर डोळ्यांपुढून कापड सरकत जायचं आणि तिला त्यातला तुटलेला धागा शोधायचा असायचा. तीही आमच्या नाटकांतून काम करायची. बाप-लेक एकाच तालमीला येत, पण वेगवेगळे येत आणि वेगवेगळे जात. प्रल्हादभाऊ रात्री माझ्या धाकट्या भावाकडे मुक्काम करत, मुलीच्या खोलीवर नाही. मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मी या दोघांसाठी म्हणूनच एक नाटक लिहिलं. आई वारलेली आहे. लग्न झालेली मुलगी दिवसकार्याला आली आहे आणि परत जाताना तिला आईची शिलाई मशीन न्यायची आहे. बाप देत नाही. एवढंच.

"मशीन मले पाह्यजे."

"तुले शिवता येते का?"

"तुमाले येते?"

"मले कायले शिवा लागते? तिथं ठेवली तिनं, तिथंच राहू दे."

पोळा झाला आणि तालमी सुरू झाल्या. एका मंगल कार्यालयाच्या मागची खोली होती. बाहेर पाऊस रिपरिपायचा, आत भिजलेल्या सतरंज्यांचा वास. पल्लवी वाक्यं चोख म्हणायची, पण एका ठिकाणी, बाप "तिथंच राहू दे" म्हणतो त्यानंतर, ती अडायची. तिथं तिचं साधंच वाक्य होतं, आईच्या बांगड्यांबद्दलचं. ते तिला आठवत नसे असं नाही. ती ते म्हणायचीच नाही, नुसती बापाकडे बघत राहायची. दोन-तीन तालमी असं झालं. मग एका शनिवारी तिनं बांगड्यांचं वाक्य सोडून दिलं आणि सरळ आवाजात विचारलं,

"आई गेली तवा तुमी कुठी होते?"

हे वाक्य माझं नव्हतं. प्रल्हादभाऊ थांबले. मला वाटलं, नट पुढचं विसरला. पण त्यांनी क्षणभरानं माझ्या संहितेतलं पुढचं वाक्य घेतलं, मशीनच्या तेलाबद्दलचं, आणि प्रवेश संपेपर्यंत एकदाही चुकले नाहीत.

तालीम संपल्यावर पल्लवी मला घेऊन बाहेर आली आणि पत्र्याच्या पडवीत उभ्या उभ्या तिनं सांगितलं. ती बारावीत होती. आईला ताप होता, डेंग्यूचा असेल म्हणून अकोल्यात दवाखान्यात ठेवलेलं होतं. बाबांचा बाहेरगावी प्रयोग होता. सकाळी येतो म्हणून गेले. संध्याकाळी आईच्या नाकातून रक्त यायला लागलं. पल्लवीनं फोन लावला, तो बंद होता. प्रयोगाच्या वेळी सगळ्यांचेच बंद असतात. बाकावर ती एकटीच होती. आई गेल्यावर तिनं शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाला विचारलं, आता काय करायचं असतं. बाबा उजाडता उजाडता आले. ते रडत होते, आणि त्यांच्या कानामागं रंग तसाच राहिलेला होता.

"तवापासून ते त्याच्यावर एक शब्द बोलले नाई," ती म्हणाली. "मीई विचारलं नाई. आज तुमच्या नाटकात विचारता आलं."

मी म्हटलं, वाक्य काढून टाकूया. पण दुसऱ्या दिवशी प्रल्हादभाऊच माझ्यापाशी आले. हातातली खर्र्याची पन्नी त्यांनी नेहमीसारखी मळत ठेवली होती, सुपारी, तंबाखू आणि चुना एकजीव होईपर्यंत. म्हणाले, "राहू द्या मॅडम. वाक्य चांगलं हाये. आता मले उत्तर लिहून द्या."

मी म्हटलं, भाऊ, उत्तर मी कुठून लिहू? तुम्ही सांगा, मी लिहीन.

ते पन्नीकडे बघत राहिले. "सांगतो," म्हणाले. "पुढच्या शनिवारी सांगतो."

पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दरम्यान एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. तालमीनंतर आम्ही गिला वडा मागवायचो, आणि प्रल्हादभाऊ त्यावर तिखट चटणी घालून घेणारे. आता ते वडा बोटांनी कुस्करून, दह्यात भिजवून, थोडा थोडा आत सरकवत. तोंड नीट उघडत नव्हतं. त्यांच्या वाक्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. मी दोनदा टोकलं, भाऊ, शब्द स्पष्ट येत नाहीत. ते हसले. हसतानाही ओठ फारसे हलले नाहीत. नवरात्रात पल्लवीनंच त्यांना जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. गालाच्या आतली जखम जिभेपर्यंत गेली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली. एका बाजूचा जबडा गेला, जिभेचा मोठा भाग गेला.

मी नागपूरला भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर बसलेले होते. चेहऱ्याची एक बाजू आत ओढली गेली होती आणि छातीवरचं मांस घेऊन गालाला ठिगळ लावलं होतं. नाकात नळी. पल्लवीनं लहान मुलांची पुसायची पाटी आणून दिली होती. मला पाहून त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "नाटक?"

मी म्हटलं, आता कसलं नाटक भाऊ, तुम्ही बरे व्हा. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. "मी बसतो. ती बोलेल."

पल्लवीला मी जिन्यात गाठून विचारलं. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "करू. पण समोर तेच बसतीन. दुसरं कोणी नाई."

म्हणून मी बापाची वाक्यं खोडायला बसले. संवादातलं एक पात्र काढून टाकलं की स्वगत उरतं, असं वर्गात शिकवणं सोपं असतं. मी तर शिकवलंही होतं. पण बापाची वाक्यं गेल्यावर मुलीची वाक्यं हवेत लटकायला लागली. "तुमाले येते?" हे कुणाला? कशाला? भांडणातलं प्रत्येक वाक्य समोरच्या वाक्याला टेकून उभं असतं. मग मी मुलीच्याच तोंडी बाप घातला. "तुमी म्हणान, तिथंच राहू दे. तुमी म्हणान, तुले काय समजते." ती विचारणार, तीच त्याच्या वतीनं उत्तर देणार आणि त्या उत्तरावर तीच चिडणार. लिहिताना माझ्या लक्षात आलं की पल्लवी हे इतकी वर्षं करतच आली असणार. तिच्या खोलीत, कारखान्याच्या बसमध्ये, सरकणाऱ्या कापडासमोर. बापाशी तिचं भांडण रोज होत होतं, आणि दोन्ही बाजू तिलाच लढवाव्या लागत होत्या.

"तुमी कुठी होते?" हे वाक्य मी ठेवलं. त्याच्यानंतर तिच्या तोंडी कुठलंही उत्तर घातलं नाही. तिथं फक्त लिहिलं, थांबते.

शेवटी मात्र मी नाटकातल्या मुलीला नमवलं. मशीन बापासमोर ठेवून ती म्हणते, आता माझा राग नाही. दोन-तीन ओळी, बऱ्या जमलेल्या. पल्लवीनं त्या वाचल्या आणि संहिता मला परत दिली.

"मॅडम, हे मी नाई म्हणू शकत. ते समोर बसून राह्यतीन. खोटं म्हटलं तं त्यायले समजन."

मी म्हटलं, अगं, नाटक आहे. लोकांना काहीतरी शेवट लागतो.

"तुमी लिवा दुसरा कोणता. हा नको."

दुसरा मला सुचला नाही. मी त्या ओळी काढून टाकल्या आणि नाटक मशीनपाशीच अर्धवट थांबवलं.

बोलता येत नाही म्हणून प्रल्हादभाऊ उत्तर देऊ शकत नव्हते, असं मी इथपर्यंत मानत होते. ते खरं नव्हतं. त्यांना लिहिता येत होतं. नागपूरहून त्यांना अकोल्याला आणल्यावर एका संध्याकाळी पल्लवीनं त्यांच्या मांडीवर पाटी ठेवली आणि म्हणाली, आता लिहा. ते कितीतरी वेळ पेन हातात धरून बसले. मग लिहिलं, "शेवंतीले पाणी द्या." तिनं ते पुसलं आणि मळ्यात जाऊन पाणी दिलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो रागापेक्षा वाईट वाटला.

स्पर्धेचा प्रयोग पौषातल्या एका दुपारी होता. सभागृह अर्धं रिकामं, पुढं परीक्षक, मागं महाविद्यालयातली पोरं, कुठंतरी शेंगा फोडल्याचा आवाज. प्रल्हादभाऊंना आम्ही भाड्याच्या गाडीनं आणलं होतं. किरणांचा शेक घेऊन गळा काळवंडला होता. चेहऱ्यावर मफलर गुंडाळून ते रंगमंचावरच्या खुर्चीत बसले. पडदा उघडला आणि पल्लवी बोलायला लागली.

मी विंगेत उभी होते. माझी वाक्यं मला ओळखू येत नव्हती. ती ओरडत नव्हती. मशीनवरचा कपडा बाजूला सारत, चाक हातानं थोडं फिरवत, ती बापाच्या बाजूनं बोलायची आणि आपल्या बाजूनं बोलायची. शेंगांचा आवाज कधी बंद झाला कळलं नाही. मग ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"आई गेली तवा तुमी कुठी होते?"

आणि थांबली. खरंच थांबली. मी मनात म्हणत होते, आता पुढचं घे. तिनं घेतलं नाही. प्रल्हादभाऊंचा हात वर गेला. त्यांनी मफलरचं टोक धरलं आणि सावकाश एकेक वेढा सोडवला. मग पल्लवीकडून मान वळवली आणि उघडा चेहरा समोर, प्रेक्षकांकडे, प्रकाशात धरला.

सभागृहातून एक उसासा निघाला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. परीक्षकही वाजवत होते. पल्लवी टाळ्या संपेपर्यंत जागच्या जागी उभी होती. त्यानंतर तिची पुष्कळ वाक्यं उरली होती. त्यांतलं एकही ती बोलली नाही. तिनं मशीनचा लोखंडी भाग दोन्ही हातांनी उचलला, तो जड होता, ती वाकली, आणि तो छातीशी धरून विंगेत निघून आली. पडदा पडला. लोकांना वाटलं, शेवट असाच आहे.

रंगपटात प्रल्हादभाऊ खुर्चीत बसलेले होते. पोरं येऊन त्यांच्या पाया पडत होती. ती गेल्यावर पल्लवी त्यांच्यासमोर आली. ती हळूच बोलली, पण मी जवळ होते.

"आजई तुमी लोकायकडेच पाह्यलं."

त्यांनी पाटीसाठी हात चाचपला. पाटी तिच्याजवळच होती. तिनं ती पिशवीत टाकली, मफलर उचलला आणि त्यांच्या चेहऱ्याभोवती पुन्हा गुंडाळला, नळीला धक्का लागणार नाही असा, कानामागं टोक खोचून. म्हणाली, बाहेर थंडी आहे.

निकालात प्रल्हादभाऊंना अभिनयाचं विशेष पारितोषिक मिळालं. ते घ्यायला आमच्यापैकीच कुणीतरी गेलं.

त्या मान वळवण्याबद्दल मी फार विचार केला आहे. ती कदाचित नुसती सवय असेल. आयुष्यभर ज्यानं प्रकाशाकडे तोंड करून दुःख दाखवलं, त्याला दुसऱ्या कुठल्या दिशेनं ते दाखवता येतच नसेल. किंवा लेकीच्या नजरेसमोर तो चेहरा उघडा करणं त्यांना झेपलं नसेल; शंभर अनोळखी माणसं त्या मानानं सोपी. किंवा तेच त्यांचं उत्तर असेल: मी इथं होतो, या लोकांसमोर. मी पात्रं लिहिते, त्यांच्या मनातलं मला ठाऊक आहे असं समजून लिहिते. प्रल्हादभाऊंच्या मनातलं मला ठाऊक नव्हतं. आणि पल्लवीचं म्हणणं खोटं होतं असं मला कधीच म्हणता आलं नाही.

तिनं कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली आणि अकोल्याला जाऊन राहिली. महिन्याभरातच कॅन्सर गळ्यात परत आला. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. ती दूध, वरणाचं पाणी, गाळलेली पेज नळीतून द्यायची, जखमेची पट्टी बदलायची, शेवंती तोडून बाजारात पाठवायची. मी दोनदा गेले. घरात शेवंतीचा वास आणि जखमेचा वास एकमेकांत मिसळलेला होता, आणि कुठला कुठला ते काही वेळानं सांगता येत नसे. बाप-लेकीत फक्त कामाच्या खुणा चालायच्या. पाटी खिडकीत पडलेली होती. होळीच्या आधी ते गेले. या वेळी ती जवळ होती.

पुढं चैत्रात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मळ्यात होती. हंगाम संपलेली झाडं उपटून ढीग करत होती. ऊन चढलं होतं. मी बांधावर बसले. बोलता बोलता, हातातलं काम न थांबवता, तिनं शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगितली.

सकाळची वेळ होती. ती त्यांना नळीतून दूध देत होती. एकदम त्यांनी तिचं मनगट धरलं आणि आवाज काढायला सुरुवात केली. शब्द नव्हते, तोंडात शब्द करायला काही उरलंच नव्हतं. पण नुसतं कण्हणंही नव्हतं. आवाज चढत होता, उतरत होता, मध्ये थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. एखादी लांबलचक गोष्ट सांगताना होतं तसा. दूध नळीतच राहिलं. पाटी हाताच्या अंतरावर होती, पण तिनं ती दिली नाही. ते पुष्कळ वेळ बोलले.

"एक शब्द समजला नाई मॅडम," ती म्हणाली. "पण पुरा वखत माह्याकडे पाहून बोलले."

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

तिनं झाडाची मुळं पायावर आपटून माती झाडली.

"काय म्हणणार? त्यायचं झाल्यावर नळी धुतली. दूध वाळलं की चिकटते ते."